हजार चोवीस घरांतलं लुगडं

बत्तीस आडव्या आणि बत्तीस उभ्या घरांत माणूस बसवायचा म्हटलं, की चेहऱ्याचा निकाल आधी लागतो. डोळ्यांना दोन-दोन घरं, नाकाच्या जागी एक घर जरा गडद, आणि ओठ नसले तरी कुणी विचारत नाही. सगळा चेहरा दहा बाय दहाच्या आत आटोपतो. एवढ्या जागेत दोन सख्ख्या बहिणींमधला फरक नाकाडोळ्यांनी दाखवणं शक्यच नाही. माणूस ओळखू येतो तो केसांवरून आणि कपड्यांवरून. भांग मधोमध आहे की बाजूला, अंबाडा मानेवर बसलाय की वर चढलाय, पदर डोक्यावर आहे की कमरेला खोचलेला, सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या आहेत की मनगटापर्यंत. म्हणून पिक्सेलचे अवतार काढणाऱ्याची खरी कसोटी केस आणि कापड या दोनच ठिकाणी लागते. आणि ही दोन्ही रेषेनं होत नाहीत. ती उजेड-सावलीनं होतात.

मी हे काम पिपरी मेघेत बसून करते. वर्धा शहराला लागून असलेलं हे गाव. शहर कुठे संपलं आणि ग्रामपंचायत कुठे सुरू झाली, हे नव्या माणसाला कुणी सांगितल्याशिवाय समजत नाही. वावरांचे ले-आउट झाले, ले-आउटवर स्लॅबची घरं आली, तरी एखाद्या गल्लीच्या टोकाला अजून पऱ्हाटी उभी दिसते. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. त्या उन्हात सावलीची कड इतकी स्वच्छ पडते, की ती चौकटींत जशीच्या तशी उतरवता येते. मधल्या धूसर पायऱ्या लागतच नाहीत. शेडिंग शिकायला मला ही जागा फार मानवली.

पिक्सेलचा जगातला सगळ्यांत ओळखीचा माणूस केस टाळून जन्माला आला, ही गोष्ट मी शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगते. 1981 साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीत शिगेरु मियामोतो यांनी ‘डाँकी काँग’ या खेळासाठी एक सुतार काढला. तोच पुढे मारिओ झाला. हाताशी सोळा बाय सोळा घरं आणि मोजके रंग. एवढ्यात केस काढायचे, वर तो उडी मारेल तेव्हा ते हलतानाही दाखवायचे, हे जमण्यासारखं नव्हतं. म्हणून डोक्यावर टोपी आली. तोंडापेक्षा मिशी सोपी, म्हणून मिशी आली. हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून खांद्यावर पट्टे असलेली कामगाराची विजार आली. त्या माणसाचं रूप म्हणजे जागेच्या टंचाईतून घेतलेल्या शहाण्या निर्णयांची मालिकाच आहे, आणि मला त्या निर्णयांबद्दल आदर वाटतो.

पण आता ती टंचाई राहिलेली नाही. तरी तयार अवतार बघावेत तर पिवळ्या केसांना चार छटा, तांबूस केसांना चार छटा, आणि काळ्या केसांना बहुतेक वेळा एकच. काळा गोळा उचलून डोक्यावर ठेवला, झालं काम. कपड्यांचंही तेच. टोपीवाला स्वेटशर्ट, जॅकेट, चिलखत यांच्या घड्या मन लावून केलेल्या असतात. साडी आली तर ती अंगाला चिकटवलेल्या रंगीत पट्ट्यासारखी येते. युनिकोडच्या यादीत त्वचेच्या वेगवेगळ्या छटा 2015 साली आल्या, कुरळ्या आणि पांढऱ्या केसांची सोय 2018 साली झाली, साडीचं चिन्ह 2019 साली आलं. ते चिन्ह नुसत्या साडीचं आहे, साडी नेसलेल्या बाईचं नाही. कापड अंगावर आलं की त्याचं काय होतं, हे काढायचं काम अजून आपल्यावरच आहे.

माझी भाची सातवीत आहे. तिनं एका खेळासाठी स्वतःचा अवतार केला आणि फोन माझ्यापुढे धरला. “मावशी, हिचे केस जळल्यासारखे काऊन दिसून राह्यले?” नेमका प्रश्न होता. पडद्यावरचा काळा म्हणजे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे शून्य. शून्याच्या खाली जायला जागा नाही. केसांचा मूळ रंगच शून्यावर ठेवला तर सावली कशात टाकणार? कानामागचा काळोख, मानेवर पडलेल्या वेणीखालची सावली, भांगाच्या दोन्ही बाजूंचा चढ, सगळं त्या एका शून्यात बुडतं आणि डोक्याच्या जागी भोक दिसायला लागतं.

म्हणून काळ्या केसांची सुरुवात काळ्यापासून करायची नाही. मी मूळ रंग लाल 34, हिरवा 28, निळा 44 असा घेते. जांभळ्याकडे झुकलेला गडद रंग. सावलीला 20, 16, 30. आणि उजेडाला 74, 88, 120. हा तिसरा रंग एकटा पाहिला तर चक्क निळसर राखाडी आहे. केसांत टाकल्यावर मात्र डोळा त्याला निळा म्हणत नाही, तेल लावलेल्या काळ्या केसांची चमक म्हणतो. भाचीला हे पटेना. केस काळे आणि त्यात निळा कशाला? तेव्हा तिला अंगणात बसवलं, डोक्याला खोबरेल लावलं, आणि तिच्याच फोननं वरून फोटो काढला. फोटो मोठा करत नेला तसतशी घरं दिसायला लागली, आणि चमकीच्या पट्ट्यातलं एकेक घर निळसर निघालं. वर मोकळं आभाळ होतं. तेलकट, गुळगुळीत पृष्ठभागावरून जो उजेड झळकून परततो तो त्या वस्तूचा रंग घेत नाही. जिथून आला तिथलाच रंग घेऊन परततो. आभाळाखाली निळा, ट्यूबलाइटखाली पांढरा, चुलीजवळ तांबूस. कोरड्या, बिनतेलाच्या केसांचं गणित वेगळं: त्यांत चमक कमी आणि तपकिरी झाक जास्त. म्हणजे अवतार काढताना पहिला प्रश्न हा, की या मुलीनं आज तेल लावलंय का?

दुसरी गोष्ट चमकीच्या दिशेची. नवशिके केसांच्या दिशेनंच उजेडाच्या रेघा ओढतात, वरून खाली. खरी चमक केसांना आडवी पडते. विंचरलेल्या डोक्यावर ती कवटीच्या गोलाईबरोबर वळणारा एक पट्टा होते, आणि त्या पट्ट्याच्या कडा केसांच्या बटांमुळे वरखाली दातेरी होतात. बत्तीस घरांच्या अवतारात हा पट्टा फार तर दोन घरं जाड आणि सात-आठ घरं लांब. तो बरोबर जागी बसला की डोकं गोल होतं, एक घर खाली सरकला की कुणी कपाळाला फडकं बांधल्यासारखं दिसतं. वेणी घातली की हाच पट्टा तुटतो. तीन पेडांच्या वेणीत प्रत्येक पेड वळतो तिथे त्याची स्वतःची चमक असते, आणि एक पेड दुसऱ्याखाली शिरतो तिथे स्वतःची सावली. मी एका पेडाला तीन घरं देते: एक उजळ, एक मूळ, एक गडद, खालच्या पेडाला हीच तीन घरं उलट्या बाजूनं. मग दोघांच्या मधे वेगळी रेघ ओढावी लागत नाही, सावलीच पेड वेगळे करते. भांगाला एकच ओळ, तीही त्वचेच्या रंगापेक्षा एक पायरी गडद. गजरा माळायचा तर पांढरी घरं सलग ठेवायची नाहीत. एक पांढरं, एक हिरवट राखाडी, पुन्हा पांढरं. एकेक केस काढायच्या नादाला लागू नये हे मात्र पहिल्या दिवशीच सांगावं लागतं. आधी झुपका, मग त्यातल्या दोन-तीन बटा, आणि अगदी शेवटी कानाजवळ सुटलेलं एखादंच घर.

केस आणि पिक्सेल यांची गाठ किती जुनी आहे याचं एक चित्र मला फार प्रिय आहे. जानेवारी 1984 मध्ये ॲपलचा मॅकिन्टॉश संगणक आला. त्याचा पडदा 512 बाय 342 घरांचा, आणि रंग दोनच: काळा आणि पांढरा. राखाडीसुद्धा नाही. त्यावरच्या ‘मॅकपेंट’ या चित्रं काढायच्या प्रोग्रामची कुवत दाखवायला सुझन केअर या चित्रकर्तीनं जे चित्र केलं, ते होतं केस विंचरणाऱ्या एका जपानी स्त्रीचं. मूळ चित्र हाशिगुची गोयो यांचं, 1920 सालचा लाकडी ठसा. जपानी ठसेकामात चेहरा आणि केस कोरायचं काम हाताखालच्या पोरांकडे नसे, ते मुरलेल्या कारागिराकडे जाई. केसाइतकी बारीक रेघ लाकडात उभी ठेवणं ही त्या धंद्यातली पराकाष्ठा. केअरनी तीच पराकाष्ठा चौकटींत आणायचं ठरवलं. केसांचा काळा प्रवाह खांद्यावरून खाली येतो, आणि त्याला घाट येतो तो त्यात सोडलेल्या पांढऱ्या घरांमुळे. राखाडीचा भास हवा असेल तर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे नमुने भरायचे, एवढंच साधन. नव्या यंत्राला चित्र जमतं हे जगाला पटवायचं होतं आणि त्यासाठी तिनं केस निवडले, याचा मला आनंद वाटतो. कठीण तेच पुढे ठेवलं.

दोन रंगांत कापड कसं दाखवावं याचा धडा मात्र मला आपल्याकडेच मिळाला. नंदलाल बोस यांनी 1930 साली दांडीयात्रेवर केलेलं लिनोकट, काठी घेऊन चाललेले गांधीजी. काळा आणि पांढरा, मधे काही नाही. अंगावरच्या वस्त्राला रंगछटा नाही, पोत नाही. थोडक्या रेषांत त्याच्या चुण्या आणि चालण्याचा वेग दोन्ही आले आहेत. कापड सगळीकडे सारखं चुरगळत नाही. ते खांद्यावर अडतं, कमरेला आवळलं जातं, कोपरात दुमडतं; चुण्या या अडलेल्या जागांपासून निघतात आणि मोकळ्या जागेत विरतात. नंदलालबाबूंनी रेषा नेमक्या तिथेच खर्च केल्या आहेत. अवतारावर सदरा काढताना मी आधी ह्या अडलेल्या जागांवर एकेक गडद घर ठेवते, आणि मगच पुढे जाते.

आता खादी. वर्ध्यात राहून पांढऱ्या खादीचा प्रश्न चुकवता येत नाही. मगनवाडीत मगन संग्रहालय आहे, मगनलाल गांधींच्या नावाचं. 30 डिसेंबर 1938 ला महात्माजींच्या हस्ते ते उघडलं. तिथले निरनिराळ्या घडणीचे चरखे बघायला शाळांच्या सहली येतात. मी तिथे कापड बघायला जाते. हातानं काततात तेव्हा सूत एकसारखं येत नाही, कुठे जाड कुठे बारीक, आणि त्या उंचसखलपणामुळे खादीवर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो. खादी झळकत नाही. रेशमाचा तंतू अखंड आणि गुळगुळीत, म्हणून त्यावर उजेडाची धारदार रेघ येते आणि तिच्या शेजारीच एकदम अंधार. टेरिकॉटची चमक आणखी वेगळी, पातळ आणि ठिकठिकाणी तुटलेली. म्हणजे कापडाची जात रंगानं नाही कळत, उजेडापासून सावलीपर्यंत किती पायऱ्यांनी उतरायचं यावरून कळते. रेशमाला दोन टोकाच्या पायऱ्या पुरतात. खादीला जवळजवळच्या तीन लागतात, आणि सर्वांत उजळ पायरीसुद्धा पूर्ण पांढरी ठेवायची नसते. मी 236, 230, 214 घेते, किंचित पिवळसर. पूर्ण पांढरा, तिन्ही आकडे 255, राखून ठेवते. तो लागला तर डोळ्यातल्या चमकेला किंवा नथीच्या मोत्याला.

आणि पांढऱ्याची सावली? इथे राखाडी घेतला की कपडा मळलेला दिसतो, हा हमखास अनुभव. पांढऱ्या धोतराची सावली निळसर असते. उन्हातल्या भागाला सूर्याचा पिवळट उजेड मिळतो; घडीच्या आत सूर्य पोचत नाही, तिथे उजेड येतो तो आभाळाचा. उन्हात वाळत घातलेलं धोतर दुपारी जवळून बघितलं तर हे सहज दिसतं. आपल्या घरांतल्या बायकांना हे वेगळ्या वाटेनं ठाऊकच होतं. धुऊन धुऊन पिवळट पडलेल्या कपड्याला त्या शेवटच्या पाण्यात नीळ देत, कारण पिवळ्याला निळा मारतो आणि डोळ्याला पांढरं दिसतं. मी पडद्यावर करते ते यापेक्षा फार वेगळं नाही. सावलीला 176, 184, 206. घडीच्या अगदी पोटात 120, 126, 160. भाची म्हणाली, “हे त आजीच्या निळीच्या पुडीतलं दिसते.” तोच.

एका तंत्राबद्दल मला जास्त सांगायचं आहे, कारण त्यावर पिक्सेलवाले आपापसांत भांडतात. दोन रंगांची घरं एकाआड एक भरली, की दुरून डोळ्याला तिसराच, मधला रंग दिसतो. याला डिथरिंग म्हणतात. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी 1973 साली त्याची गणिती जाळी मांडली. कोणतं घर आधी गडद करायचं, कोणतं नंतर, याचा क्रम तीत ठरलेला असतो. छपाईत ही युक्ती त्याआधीपासून होती. राजा रविवर्मांचा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या देवीदेवतांच्या गालांवरची लाली आणि साड्यांची वळणं दगडावर हातानं टिंबं देऊन केलेली. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. आपल्या पणज्यांनी ज्या लक्ष्मी-सरस्वतीपुढे हात जोडले, त्यांच्या पदराच्या सावल्या टिंबाटिंबांच्याच होत्या.

पण टिंबंसुद्धा पहिली नव्हेत. माग पहिला. उभे धागे एका रंगाचे ताणायचे, आडवे दुसऱ्या रंगाचे घालायचे, की जे कापड निघतं ते धूपछाव. पैठणीच्या शौकिनांना हे वेगळं सांगायला नको. उभ्या-आडव्या धाग्यांच्या ह्या गाठीभेटी म्हणजे एकाआड एक भरलेली घरंच. दुरून तिसरा रंग, आणि पदर हलला की कधी ताण्याचा रंग वर येतो, कधी बाण्याचा. पडद्यावरचं डिथरिंग बघण्याच्या कोनाप्रमाणे पालटत नाही; माग त्या बाबतीत अजून पुढे आहे.

म्हणून डिथरिंग कुठे वापरावं याबद्दल माझं मत पक्कं आहे. केसांत वापरू नये. केसांना दिशा असते, एकाआड एक घरं ती दिशा मारून टाकतात आणि डोक्यात कोंडा झाल्यासारखं वाटतं. रेशमात वापरू नये, चमक बोथट होते. त्वचेवर तर नकोच. पण जिथे खऱ्या कापडालाच धाग्यांचा खरखरीत पोत आहे, खादी, घोंगडी, गोणपाट, तिथे उजेड आणि सावली यांच्या सीमेवर डिथरिंगची एकच ओळ दिली तर कापड हाताला लागल्यासारखं वाटतं. एकच ओळ. दोन दिल्या की जाळी दिसते.

काठांच्या बाबतीतही आपल्या भागानं मला हात दिला. पिक्सेलमध्ये तिरपी रेघ नेहमी पायऱ्यापायऱ्यांची होते, आणि ती गुळगुळीत कशी भासवावी यात चित्रकारांचा निम्मा जीव जातो. नागपूर-भंडाऱ्याकडच्या करवतकाठी साडीत मात्र काठाची कडच करवतीच्या दातांसारखी असते. विणकर तीन धोटे चालवतो, दोन काठांचे आणि एक अंगाचा, आणि काठाचा रंग अंगाच्या रंगात दात रोवून बसतो. ही साडी चौकटींत काढताना काहीच लपवावं लागत नाही. एक घर आत, एक घर बाहेर. टसरचं अंग बदामी, काठ लाल, आणि दातांचा हिशेब आपोआप जुळतो.

सगळ्यांत जास्त वाया जाणारी मेहनत कुठली म्हणाल, तर उजेड कुठून येतोय हे न ठरवता केलेली. असं चित्र लगेच ओळखू येतं: प्रत्येक आकार कडेनं गडद आणि मधे उजळ. डोकं तसं, बाही तशी, निऱ्याही तशाच. इंग्रजीत या दोषाला उशीचं नाव दिलंय, कारण सगळं फुगलेलं दिसतं. उपाय एकच, उजेडाचं ठिकाण ठरवणं. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं हातात समई घेतलेल्या स्त्रीचं जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्या चित्रासाठी त्यांचीच मुलगी, गीता, उभी राहिली होती. त्या चित्रात उजेड खालून, तिच्याच हातातून येतो. बोटं पेटल्यासारखी लाल, हनुवटीखाली उजेड, साडीवर ज्योतीच्या जवळच्या घड्या उजळ आणि दूरच्या हळूहळू विझत गेलेल्या. नुसत्या साडीच्या घड्यांवर बोट ठेवून दिवा कुठे आहे ते सांगता येतं. मुलांना मी हे चित्र दाखवते आणि दिव्याची जागा हातानं झाकून विचारते, दिवा कुठे? चुकत कुणीच नाही.

अवतार खेळात दिवसभर फिरणार असतो, त्यामुळे त्याला समई देता येत नाही. सर्वसाधारण रिवाज डावीकडून-वरून उजेडाचा. मी मात्र मुलांना वेळ ठरवायला लावते. पिपरीत भर दुपारी उजेड थेट डोक्यावरून येतो: केसांवर मोठा पट्टा, भुवयांखाली अंधार, पदराची सावली छातीवर, आणि पायांशी एवढीशी सावली. संध्याकाळी तोच माणूस एका बाजूनं केशरी आणि दुसऱ्या बाजूनं निळा. एकाच लुगड्याचे दोन वेगळे अवतार.

लुगड्याचा विषय आजीमुळे निघाला. भाचीला तिच्या खेळात स्वतःशेजारी आजीही हवी होती. म्हणजे माझी आई. ती अजून नऊवारीच नेसते, सुती, खळ केलेलं. खळीचं लुगडं काढायला मला फार आवडतं, कारण त्याच्या घड्या गोल नसतात. कागद दुमडल्यासारखे सपाट तुकडे पडतात, आणि प्रत्येक तुकड्याला एकच रंग पुरतो. निऱ्यांना मी सात घरांत पाच स्तंभ दिले, पण सारख्या रुंदीचे नाहीत. एक, दोन, एक, एक, दोन. सारखे घेतले तर झडपेच्या पट्ट्या दिसतात. काष्टा मागे जातो, पण समोरून त्याचा ताण दिसायला हवा: मांडीवरून आत ओढलेल्या दोन तिरप्या चुण्या, त्या नसल्या तर ते लुगडं राहत नाही, परकर होतो. पदर डोक्यावर. पदराच्या कडेखाली कपाळावर सावलीची एक ओळ, आणि तिच्याखाली कुंकू. कुंकवाचं घर सावलीत येत असेल तर त्याचाही लाल एक पायरी खाली उतरवायचा. तो तसाच भडक ठेवला तर कुंकू कपाळावर न राहता पदराच्या पुढे तरंगतं.

भाचीनं ती आकृती खेळात टाकली आणि चालवून दाखवली. उजवीकडे जाताना ठीक. डावीकडे वळली तसं आईनं चष्मा वर केला.

“थांब न बाई. पदर कोन्या खांद्यावर गेला?”

डावीकडे वळताना खेळ तेच चित्र आरशासारखं उलटवून दाखवतो. जागा आणि मेहनत वाचवायची ही जुनी रीत. जुन्या खेळांच्या यंत्रांत तर चित्र उलटवायची सोय मुळातच बसवलेली असे. ‘स्ट्रीट फायटर’मधल्या सॅगटच्या डोळ्यावरची पट्टी म्हणूनच तो वळला की दुसऱ्या डोळ्यावर जाते, आणि खेळणाऱ्यांनी ते वर्षानुवर्षं चालवून घेतलं. उजेडही उलटतो. सूर्य डावीकडे असेल तर माणूस वळताच तो उजवीकडे उडी मारतो. टोपी आणि विजार घातलेल्या माणसाला यानं फारसं बिघडत नाही, त्याच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात. पदर एकाच खांद्यावरून जातो. नऊवारी नेसलेल्या बाईला डावी-उजवी बाजू असते, आणि आईला ती पटकन दिसली कारण ती बाजू तिनं साठ वर्षं रोज सकाळी स्वतःच्या हातानं घातलेली आहे.

“मावशी, कोन पाह्यते एवढं?” भाची म्हणाली.

“मी पाह्यतो न,” आई म्हणाली. वऱ्हाडातल्या बाईचं ‘पाह्यतो’.

मग डाव्या अंगाची आकृती वेगळी केली. नुसता पदर उचलून दुसरीकडे ठेवून भागत नाही. डाव्या खांद्याच्या बाजूनं बघितलं की पदराचे थर पुढे येतात आणि छातीवरचं कापड मागे जातं. हाताची सावली लुगड्यावर पडते ती आता पदरावर पडते. उजेड मात्र जिथे होता तिथेच, म्हणजे आधी उजळ असलेल्या निऱ्या आता सावलीत. चालण्याच्या चार चित्रांत निऱ्यांचे गडद स्तंभ पावलाबरोबर एकेक घरच सरकायला हवेत, दोन घरं सरकले की कापड लुकलुकतं. दोन्ही बाजू मिळून आठ चित्रं. त्यातलं तिसरं आणि सातवं, जिथे पाऊल पुढे असतं आणि काष्टा ताणला जातो, ती मी आईला चार पावलं चालायला लावून, बघून काढली. ती चाललीही, ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, न हसता, नेहमी चालते तशी.

रंग एकूण सोळाच वापरायचे असं मी ठरवून घेतलं होतं, त्यामुळे तिच्या केसांची पाळी आली तेव्हा तीनच उरले होते. पदराबाहेर तिचे केस दिसतात ते कानाजवळ थोडे आणि कपाळावर एक ओळ. पांढरे, पण टोकांना पिवळट. तेलामुळे मधून त्वचा दिसणारे. वेगळी छटा घेण्याऐवजी तिच्या पांढऱ्या चोळीचेच रंग केसांना दिले, उजेडाला तो पिवळसर पांढरा आणि सावलीला तो निळीचा. भाचीच्या केसांतला गडद जांभळट रंग आजीच्या लुगड्याच्या सर्वांत खोल घडीला लावला. असे रंग वाटून घेतले की दोन आकृत्या एकाच उन्हात उभ्या असल्यासारख्या दिसतात. उरलेल्या तीन रंगांपैकी दोन काठाला गेले, आणि तिसरा आईनं मागून घेतला. तिला काठाला आणखी एक हिरवी रेघ हवी होती, कारण त्या लुगड्याला ती होती.